तुकोजीअण्णांची खळ

तुकोजीअण्णांनी पहिल्याच दिवशी मला त्यांच्या खोलीतून बाहेर काढलं होतं. तेही अगदी अदबीनं. "अक्का, स्वल्प बाहेर थांबा की. पुस्तक वाळतंय," म्हणाले. नव्वदचं दशक नुकतंच उजाडलं होतं आणि बसवनगुडीतल्या त्या कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन चार तासही झाले नव्हते. बाइंडिंगची खोली माझ्या अखत्यारीत, बाइंडर माझ्या हाताखालचा, आणि तोच मला दारात उभं करणार! त्यात वडिलांच्या वयाचा माणूस मला अक्का म्हणत होता. मी पुण्याची, त्यामुळे अपमान झाला असं आधी ठरवून टाकलं आणि मग कारण शोधू लागले. बंगळुरात साठीचा रिक्षावालाही पंचविशीच्या बाईला आदरानं अक्का म्हणतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

माझा गुन्हा असा की मी मेजावरच्या पुस्तकाचा पुठ्ठा उघडून बघायला गेले होते. अण्णांचा उजवा अंगठा त्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर दाबलेला होता, डोळे छताकडे होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं, जप चाललाय. ते तीस मोजत होते. खळ लावून कागद बसवला की कोपऱ्यावर अंगठा ठेवायचा आणि मनात तीस मोजल्याशिवाय उचलायचा नाही, हा त्यांचा नेम होता. मध्ये कुणी बोललं, फोन वाजला, प्रिन्सिपॉल आले, तरी तीस म्हणजे तीस. एकदा विसाला शिंक आली, तर पुन्हा एकपासून सुरुवात केली.

त्यांची खोली जिन्याखाली होती. उंच माणसाला आत वाकूनच जावं लागे, आणि अण्णा उंच होते. तीस वर्षं वाकून वाकून त्यांची मान किंचित पुढे आलेली होती, त्यामुळे ते नेहमी तुमचं बोलणं लक्ष देऊन ऐकताहेत असं वाटे. प्रत्यक्षात ते तुमच्या हातातल्या पुस्तकाचा कणा बघत असत. खोलीत पुस्तकं आवळून ठेवायचा एक लाकडी दाब, सुया-दोरा, हाडाची गुळगुळीत पट्टी आणि शेगडीवर दोन भांडी. एका भांड्यात मैद्याची खळ, दुसऱ्यात सरस. जनावराचं कातडं उकळून केलेला हा सरस रात्रभर भिजवायचा आणि पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून मंद तापवायचा. त्याचा वास पहिल्या दिवशी असह्य वाटला. सहा महिन्यांनी मला घरी जाताना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

खळ शिजली की अण्णा बोटावर घेऊन जिभेला लावत. "मीठ न्हाई, बाकी सरी," म्हणजे बाकी ठीक, असा रोजचा शेरा. त्यानंतरच कसर लागू नये म्हणून तिच्यात विषारी मोरचूद पडे. हा क्रम चुकला तर काय होईल, असं मी एकदा विचारलं. "चुकायचं न्हाई अक्का. जिभंला माझी काळजी हाय," म्हणाले.

अण्णांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर या मुलखात आलं, असं ते सांगत. फौज परत गेली, हे राहिले. "घोड्याला पाणी पाजायला थांबलो, घोडं मेलं," असं त्याचं स्पष्टीकरण. राजाजीनगरात त्यांचं छोटं घर होतं. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. त्यात हाय-न्हाई होतं, कानडी होतं आणि मध्येच एखादा असा जुना शब्द यायचा की तो आमच्या पुण्यात शेवटचा कुणी उच्चारला असेल ते देवालाच ठाऊक. पुढे पुढे माझं हसू कमी झालं. आम्ही पुण्यात बसून मराठी टिकवली यात कसलं आलंय कौतुक! या माणसांनी चहूबाजूंनी कानडी असताना ती स्वयंपाकघरात टिकवली होती.

आता एका शब्दाकडे येते. तो आमच्या आयुष्यात आला तो नव्या प्रिन्सिपॉलांच्या कृपेनं. गृहस्थ शिस्तीचे आणि टापटिपीचे. आल्या आल्या त्यांना जिन्याखालचा वास आला. त्यांनी यशवंतपूरच्या एका व्यापाऱ्याकडून पांढऱ्या तयार गोंदाचा भला मोठा प्लास्टिकचा डबा मागवला आणि इंग्रजीत सूचना काढली की यापुढे बाइंडिंगसाठी पुढील प्रोटोकॉल पाळावा. खाली आठ कलमं.

अण्णांनी डबा उघडला, बोट बुडवलं, वास घेतला, पण जिभेला लावलं नाही. मग खोलीतल्या डुगडुगत्या स्टुलाचा पाय त्या गोंदानं चिकटवला. दुसऱ्या दिवशी स्टूल घट्ट. "स्टुलाला चांगलं हाय," म्हणाले आणि डबा कोपऱ्यात सरकवला.

मी म्हटलं, "अण्णा, पुस्तकाला का नाही?"

"सुटत न्हाई ते."

"मग चांगलंच की!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढी शिकलेली बाई आणि काय बोलते, असं ते बघणं होतं. "अक्का, पुस्तक मरेस्तोवर एकदाच बांधायचं असतंय व्हय? पन्नास वर्षांनी कुणीतरी उघडंल, पुन्हा बांधंल. खळ पाण्यानं सुटते. हे सोडवायला गेलं तर कागद फाटंल. कागदापेक्षा खळ जोरात नको. चिकटवायला कुणाला बी येतंय. सोडवता येईल असं चिकटवणं, ते काम."

मग सूचनेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे प्रोटोकॉल म्हणजे काय असतंय?"

नियम, रीत, शिष्टाचार असं मी सांगू शकले असते. पण माहीत असलेल्या गोष्टीचीही खात्री करून घ्यायची आणि दुसऱ्याला ती करून घेतल्याचं दाखवायचं, ही आमच्याकडची खोड. मी जाऊन जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेऊन आले आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. वाचता वाचता मीच खाली बसले, त्या चिकटवलेल्या स्टुलावर.

शब्द ग्रीक निघाला. प्रोटोस म्हणजे पहिला आणि कोल्ला म्हणजे सरस, डिंक, खळ, जे काही चिकटवतं ते. जुने लोक पपायरसचे ताव एकाला एक चिकटवून लांब गुंडाळी करत. त्या गुंडाळीला सगळ्यांत आधी जो ताव चिकटवलेला असे, तो प्रोटोकोल्लोन. गुंडाळी कुणाच्या देखरेखीखाली झाली, कधी झाली, हे त्या तावावर लिहीत. त्यावरून पुढे दस्तऐवजाचा मसुदा, मग करारमदार, मग दरबारी रीतभात, आणि शेवटी आमच्या प्रिन्सिपॉलांची आठ कलमं.

अण्णांच्या हातातला ढवळायचा दांडा थांबला. खळ ढवळताना तो कधीच थांबत नसे, गुठळी होते.

"पुन्ना सांगा," म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी दाबातून एक अर्धवट बांधलेलं पुस्तक काढलं आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतली बाजू मला दाखवली. तिथे विड्याच्या पानाएवढी एक चिठ्ठी चिकटवलेली होती, शिसपेन्सिलीनं बारीक लिहिलेली. तिच्यावर अजून अस्तराचा कागद बसायचा होता. तो बसला की चिठ्ठी दिसणार नव्हती.

"आज्यापासनं हाय हे आमच्यात. पुस्तक आलं तेव्हा कसं होतं, काय न्हवतं, मी काय केलं, सगळं लिवायचं. वर कागद लावायचा."

"मग वाचणार कोण?"

"जो पुढं उघडंल तो. बाइंडर. वाचणाऱ्याला काय करायचंय?"

मी चिठ्ठी जवळ घेतली आणि मला एक अक्षर कळेना. लिपी कानडी होती. मी म्हटलं, हे कानडीत लिहिलंय. "मराठी हाय," अण्णा म्हणाले आणि वाचून दाखवलं. खरंच मराठी होतं. मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "अहो, मराठी आणि कानडी अक्षरात?" त्यावर त्यांचं उत्तर मी अजून विसरले नाही. "भाषा घरची, अक्षरं शाळेची," म्हणाले आणि अस्तराचा कागद लावून वर अंगठा ठेवला. एक, दोन, तीन...

त्या दिवसापासून कोल्ला आमच्या घरचा झाला. रोज संध्याकाळी कुलूप लावताना अण्णा विचारायचे, "अजून काय हाय त्याचं?" आणि मी दिवसभरात काही शोधून ठेवलेलं असे. रसायनशास्त्राच्या मुलांना छळणारे कोलॉइड, म्हणजे सरसासारखं. कागदाचे तुकडे चिकटवून चित्र करतात ते कोलाज. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी सांगितलं की कातडं, हाडं, स्नायुबंध यांना धरून ठेवणारं कोलॅजेन, म्हणजे सरस निर्माण करणारं. ते उकळलं की सरस होतो. अण्णांनी शेगडीवरच्या भांड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. "म्हणजे देवानं बी सरसच वापरलाय. पांढरा डबा न्हाई."

सगळ्यांत आनंद त्यांना झाला तो आजच्या ग्रीसमधल्या अर्थांचा. तिथे डिंकाला तर कोल्ला म्हणतातच, पण कपड्यांना लावायच्या स्टार्चलाही म्हणतात आणि कागदाच्या तावालाही. अण्णा खूश. त्यांच्या घरी एकाच पातेल्यातली खळ वडिलांच्या पुस्तकांना लागायची आणि उरलेली पातळ करून आई धोतरांना लावायची. "बगा! आमच्या आईला ग्रीक येत होतं," असं ते नंतर कितीतरी दिवस प्रत्येकाला सांगत होते.

इंग्रजी त्यांना फारसं येत नसे, पण कोल्लाच्या या शब्दांची पहिली चार इंग्रजी अक्षरं, सी-ओ-एल-एल, त्यांनी पक्की ओळखून ठेवली होती. एकदा मला हात धरून गेटपाशी घेऊन गेले आणि पाटी दाखवली. कॉलेज. तीच चार अक्षरं! मला खोटं बोलवेना. म्हटलं, "अण्णा, तो शब्द लॅटिन. त्याचा खळीशी काही संबंध नाही." "नातं नसंल तर नसू दे," म्हणाले. "गल्ली एकच हाय."

असं सगळं गुण्यागोविंदानं चाललं असताना, अण्णांना निवृत्त व्हायला वर्षही उरलं नव्हतं तेव्हा, ते प्रकरण झालं.

आमच्या ग्रंथालयात म्हैसूरकडच्या फुलझाडांवरचं एक जुनं पुस्तक होतं. हातानं रंगवलेली चित्रं असलेलं, एका जुन्या घराण्यानं देणगी म्हणून दिलेलं. त्या देणगीदारांचे नातू एके दिवशी आजोबांचं पुस्तक बघायला आले आणि चाळता चाळता त्यांचा चेहरा उतरला. तीन चित्रं नव्हती, पार मुळापासून कापलेली. आजोबांनी पुस्तक अखंड दिलं होतं, असं ते ठासून म्हणाले. प्रिन्सिपॉलांनी नोंदवही मागवली. बारा वर्षांपूर्वी ते पुस्तक बाइंडिंगला गेलं होतं, त्यानंतर कपाटाबाहेर आलंच नव्हतं. म्हणजे पानं सुटी करून हाताळणारा माणूस एकच. प्रिन्सिपॉल चोर म्हणाले नाहीत. चांगले गृहस्थ होते. "त्यांना बोलावून घ्या," एवढंच म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

अण्णा आले. वाकायची सवय, त्यामुळे प्रिन्सिपॉलांच्या उंच दारातूनही वाकूनच आत आले, आणि त्या वेळी ते वाकणं मला नको वाटलं. कुणीतरी त्यांना काय झालं ते कानडीत सांगितलं. खोलीत पाचसहा माणसं होती आणि सगळी जमिनीकडे बघत होती. तीस वर्षं ज्या हातांनी कॉलेजचं एकेक पान सांभाळलं त्या हातांवर हा आळ. आणि अण्णा पुरावा कुठला देणार?

अण्णांनी पुस्तक हातात घेतलं, कण्यावरून बोट फिरवलं. "माझंच काम हाय," म्हणाले. मग प्रिन्सिपॉलांना शांतपणे म्हणाले, "सर, कोमट पाणी आणि स्वच्छ फडकं पाहिजे. दहा मिनिटं."

फडकं ओलं करून, पिळून, त्यांनी मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कागदावर पसरलं आणि वर तळहात ठेवला. ओठ हलायला लागले. तीस झाले, पुन्हा तीस. देणगीदारांचे नातू घड्याळ बघत होते. मला आता कळलं होतं हे काय चाललंय. बारा वर्षांपूर्वीची खळ सुटेल का? चिठ्ठी असेल का? असली तर तिच्यात काय असेल? अण्णांनी हाडाची पट्टी कोपऱ्यातून आत सरकवली आणि तो अख्खा कागद, कुठे न फाटता, दुधावरची साय उचलावी तसा उचलला. खाली चिठ्ठी होती.

अण्णांनी ती वाचली नाही. "मी वाचलं तर काय उपेग? सर, तुम्ही वाचा."

प्रिन्सिपॉलांनी चष्मा लावला. कानडी अक्षरं त्यांची होती, पण मराठी वाक्यं त्यांची नव्हती. ते एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागले, कानडी हेल काढत, कशावर जोर द्यायचा ते न कळून. आणि अण्णांखेरीज त्या खोलीत ते ऐकून समजणारी मी एकटी. ते वाचत होते, मी सांगत होते. त्यांच्या तोंडून शब्द यायचे आणि माझ्या तोंडून अर्थ.

"आलं तेव्हा चित्रं पाच, नऊ, चौदा न्हाईत. काप जुना, धार पिवळी. शिवण नवी घातली, सरस नवा."

मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा सगळ्यांची खाली गेलेली डोकी वर आली. देणगीदारांचे नातू पुढे वाकले. "चौदावं... कमळाचं का?" त्यांनी अनुक्रमणिका बघितली. कमळाचंच होतं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "आमच्या जुन्या घरात, आजोबांच्या बैठकीत एक कमळाचं चित्र आहे. चौकटीतलं. दोन आणखी आहेत," म्हणाले आणि रुमाल काढून चेहरा पुसू लागले.

प्रिन्सिपॉल वाचतच होते. शिस्तीचा माणूस, अर्ध्यावर सोडायचा नाही. पुढची ओळ त्यांनी उच्चारली आणि मी गप्प झाले. मग म्हटलं, "बाकीचं बाइंडिंगबद्दल आहे. विशेष नाही."

"अक्का," अण्णा मागून म्हणाले. "पुरतं सांगा."

मग मी सांगितलं. चिठ्ठीत पुढे होतं: "पान दोनशे बारा उलटं लागलं. चूक माझी. कागद हळवा, आता उकललं तर फाटंल. पुढच्या बांधणीत सरळ करा. तुकोजी."

प्रिन्सिपॉलांनी पान काढलं. खालचं वर होतं. त्यांनी पुस्तक हळूच उलटं फिरवून बघितलं, पुन्हा सरळ केलं. बारा वर्षांत आमच्या कॉलेजात कुणीही ते पान उघडलेलं नव्हतं, नाहीतर चूक कधीच सापडली असती. कुणाला लाज वाटायला हवी होती ते मी सांगायला नको. प्रिन्सिपॉल उठले, आपल्या समोरची खुर्ची ओढली आणि "कूतकोळ्ळी, तुकोजीराव," म्हणाले. बसा. त्या खुर्चीत बाइंडरला बसवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला अण्णांचा अभिमान वाटला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी फलकावर लावायला सूचना तयार केली. चित्रं पुस्तक बाइंडिंगला येण्यापूर्वीच नव्हती, बाइंडरकडे कसलाही दोष नाही. मसुदा टाइप होत असताना अण्णा दारात येऊन उभे राहिले. "सर, दुसरं बी लिवा." प्रिन्सिपॉल म्हणाले, त्याची काही गरज नाही. अण्णा हलेनात. "एकाच चिठ्ठीवरचं हाय. अर्धं घेतलं आणि अर्धं टाकलं, तर मग ती चिठ्ठी कशाला?" शेवटी खाली एक ओळ आली: पान २१२ उलटे लागले असून ही चूक बाइंडरची आहे, त्यानेच ती नोंदवली आहे. सूचना टाचणीनं न लावता अण्णांनी स्वतः खळीनं चिकटवली. आणि पुस्तक खोलीत नेऊन पुढची बांधणीही स्वतःच केली. पान सरळ झालं. नवी चिठ्ठी आत गेली.

निवृत्तीच्या दिवशी समारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली. प्रिन्सिपॉल मनापासून बोलले आणि त्यांनी मानपत्र दिलं, प्लास्टिकमध्ये पक्कं बंद केलेलं. अण्णांनी ते उलटसुलट करून बघितलं, कडेला नख लावून बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, "हे कधीच सुटायचं न्हाई." त्यांची जागा पुन्हा भरली जाणार नव्हती. पुस्तकं आता बाहेर बांधायला जाणार होती. ते त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी खोली झाडली, भांडी घासली, दाब सैल करून ठेवला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी त्यांना गेटपर्यंत पोचवायला निघाले. व्हरांड्यात फलकापाशी ते थांबले. ती सूचना अजून तिथेच होती, आता पिवळट झालेली, आणि पावसाळ्याच्या दमटपणानं तिचा खालचा उजवा कोपरा सुटला होता. अण्णांनी गळ्यातला हार काढून माझ्याकडे दिला. खिशातून झाकणाची एक छोटी डबी काढली. आजच्या दिवशीही तिच्यात ताजी खळ होती.

मी म्हटलं, "राहू दे ना अण्णा. तुमच्या नावाला आता काय धक्का लागणार आहे? सगळ्यांनी वाचलंय ते."

"नावाचं न्हाई अक्का," ते म्हणाले. "हे बगा, खालची ओळ सुटायलीय. माझ्या चुकीची."

त्यांनी बोटानं खळ लावली, कोपरा नीट बसवला आणि वर अंगठा ठेवला. नजर छताकडे गेली, ओठ हलायला लागले. मुलं येत-जात होती, गेटाबाहेर रिक्षा थांबून हॉर्न वाजवत होती. मी हार हातात घेऊन उभी होते आणि पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर मनात मोजत होते. एकोणतीसला मला वाटलं, आता उचलतील. त्यांनी तीस पुरे केले.